लाल खुंटीचे वाफे

"मथुरेऽ, त्या कोपऱ्याकडं बघ गं जरा. तोंड उतरलंय त्याचं."

सासूची हाक होती ती. हाक मारणारी जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण मथुराबाईच्या कानात ती अजून अडकून होती, कुडीसारखी. तेव्हा मथुरा नवी सून. शेताच्या कोपऱ्याला तोंड असतं आणि ते उतरतं, हे तिला माहेरी कुणी सांगितलं नव्हतं. सासूनं आपल्या कमरेवरची शेणखताची पाटी तिच्या कमरेवर दिली, पिवळ्या पडलेल्या ज्वारीच्या बुडाशी तिचा हात धरून नेला आणि मूठ कशी सोडायची ते शिकवलं. फेकायचं नाही. तान्ह्याच्या टाळूवर तेल जिरवतात तसं जिरवायचं. जाता-येता, हातात असेल ते, जे उपाशी दिसेल त्याच्या पुढ्यात.

त्या शेताला आता लोखंडी फाटक होतं. गावाचं नाव वेशीवर अजून लिहिलेलं होतं, पण गाव केव्हाच खराडीच्या पोटात गेलं होतं. तीन बाजूंना बावीस-बावीस मजल्यांच्या सोसायट्या, चौथ्या बाजूला मुळा-मुठेचं काळं पाणी, आणि मधोमध कृषी संशोधन केंद्राची जमीन. तिच्यातली साडेचार एकर एके काळी गेनबांची, मथुराबाईच्या सासऱ्याची. विक्रम पोटात होता तेव्हा ती सरकारजमा झाली. बदल्यात घरातल्या एकाला कायमचं काम मिळेल असा शब्द होता. ते तिच्या नवऱ्याला, सर्जेरावाला मिळालं. मथुराबाई रोजंदारीवर. आपल्याच बांधावर, रोज सकाळी आठला, यंत्रावर अंगठा ठेवून आत जायचं.

आणि अंगठा उठत नव्हता.

"पुन्हा ठेवा, मावशी," फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

तिनं लुगड्याला अंगठा पुसला, ठेवला. यंत्र लाल झालं.

"ओला करून ठेवा."

तिनं जिभेवर लावून ठेवला. यंत्र पुन्हा लाल.

"अंगठ्यावर रेघाच न्हाईत हो तुमच्या. घासून गेल्यात. ओळखपत्र दाखवा."

"तू जलमायच्या आधीपास्नं मी ह्या मातीत हाय, बाबा. हिलाच इचार, ओळखती का मला."

"मातीची सही चालत नाही, मावशी. साहेबांचा नियम आहे."

मागं यमुनाबाई उभी होती. परभणीकडची, दुष्काळात इकडं आलेली ती इथलीच झालेली. "माझा बी न्हाई उठायला," ती म्हणाली. "दोघींचे मिळून एक अंगठा धरा की वो."

पदराच्या गाठीतून ओळखपत्र निघेस्तोवर आठ वाजून वीस मिनिटं झाली. यंत्रानं अर्धा दिवस खाऊन टाकला. मथुराबाईनं विळा उचलला. दात आवळून घेतले की तिच्या जबड्याची शीर उडायची. ती दिवसभर उडत राहणार होती.

माघ सरत आला होता. ज्वारीची ताटं वाळून सडसडीत झालेली, पानांच्या कडा धारेला लागलेल्या. वाफे बारा होते. चार वर्षांमागं मैत्री आली तेव्हा तिनंच ते आखले होते. कर्वेनगरची ही पोर, मातीत डॉक्टरकी करणारी. चार वाफ्यांना हिरव्या खुंट्या: पावसाळ्यात मूग, मुगाचा पाला तिथंच गाडायचा, वर शेणखत, आणि रब्बीला ज्वारीत करडईच्या ओळी. चार वाफ्यांना पांढऱ्या खुंट्या: नुसती ज्वारी आणि पोत्यातलं खत. उरलेल्या चारांना लाल. त्यात नुसती ज्वारी, आणि दुसरं काही नाही.

करडईची ओळ कितवी घ्यायची, हे मैत्रीला पुस्तकात सापडलं नव्हतं. ते तिनं बांधावर बसून मथुराबाईला विचारलं होतं. "नववी," मथुराबाई म्हणाली होती, "आन् कडेनं दोन वळी जास्तीच्या. काटा आसतो, जनावर आत यीत न्हाय." मैत्रीनं ते वहीत लिहून घेतलं होतं. मुगाचा पाला कधी गाडायचा तेही. लाल खुंट्यांबद्दल मात्र तिनं एवढंच सांगितलं होतं, "मावशी, लाल खुंटीत काही घालायचं नाही हं." का, ते सांगितलं नव्हतं. बायकांनी विचारलंही नव्हतं. त्या फाटकाच्या आत 'का' विचारायची रीतच नव्हती.

काढणी दोन दिवस चालली. बायका ताटं कापत, कणसं खुडत, वाफ्यावाफ्याच्या वेगळ्या पाट्या भरून झाडाखालच्या काट्यावर ओतत. मैत्री आकडा बघे, वहीत लिही. ऊन पाठीत खिळ्यासारखं शिरत होतं. ज्वारीची कूस मानेवर बसून आग करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीनं सात नंबरच्या पाट्या तिसऱ्यांदा काट्यावर ठेवायला लावल्या.

"ताई, काट्याला काय झालंय का?" यमुनाबाई म्हणाली. "तीनदा तेच कणीस टाकायलाव आमी."

"काटा बरोबर आहे," मैत्री म्हणाली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "सात नंबर लालच आहे ना?"

"लालच की. ती काय खुंटी."

तेवढ्यात सुदर्शन साहेब आले. केंद्राचे प्रमुख. बूट मळू नयेत म्हणून ते बांधाच्या कडेकडेनं चालत. आवाज मऊ, शब्द टाचणीसारखे.

"काय मैत्री मॅडम, निसर्ग काय म्हणतोय?"

"सर, हिरव्यात आणि लालमध्ये फरक दिसत नाहीये. याही वर्षी."

"अहो, मग पेढे वाटा. काहीही न करता तेवढंच पीक येतं, असा शोध लागलाय आपल्याला. शेतकऱ्यांना कळवून टाकू, घरी बसा म्हणावं." ते स्वतःच हसले. "सोमवारी समिती येतेय. चार वर्षं तुमच्या ह्या मिश्र पिकांनी जागा अडवली. आता इथं नवउद्योगांची इमारत होऊ दे. निदान काचा तरी चमकतील."

साहेब गेले. बायका लिंबाच्या सावलीत भाकरीला बसल्या. मैत्रीनं डबा उघडलाच नाही.

"रडायलीय बघा पोरगी," यमुनाबाई कुजबुजली.

मथुराबाईनं भाकरीवर ठेचा घालून ती मैत्रीपुढं धरली. "खा. ज्वारी कमी-जास्त व्हती. त्यात रडायचं काय?"

"कमी-जास्त झाली असती तर बरंच झालं असतं, मावशी," मैत्री म्हणाली. "लाल वाफा कशाला ठेवतात माहितीये? काहीच दिलं नाही तर माती एकटी किती देते, ते बघायला. त्याला उपाशीच ठेवायचं असतं. तो उपाशी राहिला तरच हिरव्याची ताकद दिसते. आणि इथं उपाशी वाफाच धष्टपुष्ट. म्हणजे तुमचा मूग, तुमची करडई, तुमचं शेणखत, सगळं व्यर्थ. कागद तसंच म्हणणार. एकदा कागद म्हणाला की कुणी परत असलं करायला जागा देणार नाही."

मथुराबाईच्या तोंडातला घास तिथंच थांबला.

चार वर्षांमागचा भादवा तिच्या डोळ्यांपुढं आला. लाल खुंटीचे ते चार वाफे, शेजारी हिरव्या वाफ्यांना खत मिळालेलं, आणि हे चौघं पंगतीत पान न वाढलेल्या पोरांसारखे. तिला वाटलं होतं, केंद्राला खत पुरलं नाही. लाल खुंटी म्हणजे खत संपलं, अशी तिनं आपल्या मनाशी गाठ बांधली होती. सरकारी कारभार, दुसरं काय असणार? तिच्या दारात एक म्हैस होती. उकिरडा होता. कामावर येताना तिनं एक पाटी डोक्यावर घेतली. मग दुसरी. शेणाच्या पाटीत डोकावून बघायला रखवालदाराचं नाक तयार नसायचं. शिवाय हिरव्या वाफ्यात शेण-गुळाचं पाणी देऊन झालं की पिंप धुतलेलं पाणी ती लालमध्ये उपडं करायची. खुरपलेलं गवत लालच्या ओळींत अंथरायची. चारी वर्षं. चोर घेऊन जातो. ती घेऊन येत होती. म्हणून ते सांगायचं असतं असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिनं तोंड उघडलं. मैत्री ओढणीनं नाक पुसत होती.

"खा गं," मथुराबाई म्हणाली.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. गावठाणातलं दोन खोल्यांचं घर, दारात लावलेल्या परक्या मोटरसायकली, त्यांच्यामधून वाट काढत म्हशीपाशी जायचं. गुडघ्यापायी रजेवर असलेला सर्जेराव ओट्यावर तेल चोळत बसला होता. तिचा चेहरा बघून त्यानं हात थांबवला.

"झाली काढणी?"

"झाली."

"लाल वाफं कसं पिकलं?"

तिनं चमकून बघितलं. तो म्हशीकडं बघत होता.

"उकिरडा चार वर्सं भरंना, तवाच कळलं मला," तो म्हणाला. "बोललो न्हाय. म्हनलं, तुझ्या सासूची सवय हाय, जायची न्हाय. पर आता कुठं बोलू नको. साहेब कामावरनं काढंल. बत्तीस वर्सं मातीत जातील. आन् इक्रमचं बी बघ."

विक्रम आतून आला. खराडीतल्या कंपन्यांच्या गाड्या चालवायचा. कंपनीनं गाड्यांचं कंत्राट बदललं तेव्हापासून तीन महिने घरात होता. आज त्यानं दाढी केली होती.

"आई, गुड न्यूज. सोमवारी समितीची गाडी मी चालवणार. साहेब स्वतः बोलले. ट्रायल म्हण. बिल्डिंग झाली की परमनंट."

"कुठं बांधनार बिल्डिंग?"

"तिथंच, तुमच्या वाफ्यांवर."

"कुनाच्या जागंवर?"

"सरकारच्या."

"तुझ्या आज्याच्या."

"अगं आज्या गेला, जमीन पण गेली. तू अजून तिथं खुरपं घेऊन बसलीयेस." तो चिडला नव्हता, त्यामुळंच जास्त लागलं. "मी काय करू सांग ना. मला शेती येत नाही. तू कधी शिकवली पण नाहीस."

"शिकवायला हुती का माझ्याकडं?" ती ओरडली. म्हैस दचकून मागं सरकली. "दुसऱ्याच्या फाटकात शिकवू का तुला? अंगठा उठंना माझा तिथं!"

सर्जेरावानं पुन्हा गुडघा चोळायला घेतला. मथुराबाईनं धार काढली. म्हैस पान्हा चोरत होती. तिलाही हातातला राग कळला होता.

शनिवारी सकाळी कामाला लावायच्या आधीच साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. हातात शेजारच्या सोसायटीचं पत्र होतं. त्यांनी ते चष्म्याखालून मोठ्यानं वाचलं: "'बाल्कनीत उभे राहणे अशक्य झाले आहे. आपण शेती करता की सूड घेता, ते कृपया कळवावे.' ऐकलंत? सोमवारी पाहुणे येतायत. संध्याकाळपर्यंत खताचा ढीग दिसता कामा नये."

"सर, ते खत तयार झालंय," मैत्री म्हणाली. "त्याला वास नाही. वास नदीचा येतोय."

"मग नदी हलवता येते का बघा. नाहीतर ढीग हलवा."

महापालिकेची गाडी आली. मथुराबाई, यमुनाबाई आणि आणखी दोघी ढिगाला लागल्या. वरचा थर काढला तसा आतून वाफेचा झोत आला. खत काळं, भुसभुशीत, मुठीत धरलं की सुटं होणारं. मुगाची टरफलं कुठली, पाला कुठला, शेण कुठलं, काही ओळखू येत नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांत जीव सोडून माती धरली होती. नाकाशी नेलं की खोल विहिरीतल्या गारव्याचा वास. फावड्याच्या प्रत्येक घावाला गांडुळं वळवळत वर येत, उन्हात चमकत, आणि पाटीत पडत. मथुराबाईनं आधी एकेक वेचून बाजूला सोडली. मग ती थकली. मग तिनं बघायचंच बंद केलं.

गाडीवाला खाली न उतरता म्हणाला, "मावशी, ओला का सुका?"

"काय?"

"कचरा वो. ओल्यात टाकू का सुक्यात?"

मथुराबाई पाटी धरून उभी राहिली. तिच्या हाताच्या शिरा दोरासारख्या वर आल्या होत्या. यमुनाबाईनं तिच्या हातातून पाटी काढून घेतली आणि म्हणाली, "ओल्यात टाक, दादा. जिवंत हाय ते."

तिकडं वाफ्यांत तीन पोरं फीत धरून मोजणी करत होती. समिती यायची होती, निर्णय व्हायचा होता. पण चुन्याची फक्की पडत होती. पांढरी रेघ हिरव्या खुंटीवरून सरळ निघाली, करडईच्या उभ्या ओळीत शिरली. एका पोराच्या पोटरीला काटे बोचले. त्यानं शिवी हासडली आणि बुटानं दोन झाडं मोडली.

"ए! दाणं भरल्यात त्यात!" मथुराबाई धावली.

"मावशी, साइटवर येऊ नका," तो म्हणाला. "लागेल तुम्हाला."

साइट. सासूनं जिथं तिचा हात धरून नेला होता, तिथं. ती फक्कीच्या रेघेवर उभी राहिली. आत जावं की बाहेर, हे तिला कळेना. तिनं मोडलेली करडई उचलली, काटे तळहातात घुसले तरी मूठ सोडली नाही. तशीच ती मैत्रीकडं गेली. मैत्री शेडमध्ये मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होती.

"सोमवारी काय बोलनार तू?"

"काय बोलू? आकडे आहेत ते दाखवीन."

"आन् मग?"

"मग माझं काम संपलं. इथलं पण आणि अभ्यासाचं पण." मैत्रीनं चिठ्ठी उलटी लावली, काढली, पुन्हा लावली. "एकच गोष्ट कळत नाही. लाल वाफ्यांची माती तपासून आणली. ती पण सुधारलीये. काही न देता माती सुधारत नाही, मावशी. साहेब म्हणतात मी नमुने अदलाबदल केले. केले असतील. मला आता स्वतःचाच भरवसा वाटत नाही."

मथुराबाईच्या मुठीतून रक्ताचा थेंब खाली गळला. तिनं तो पायानं मातीत पुसला आणि वळली. रविवारचा दिवस तिनं घर सारवण्यात घालवला. सारवलेलं पुन्हा सारवलं. सर्जेराव बघत राहिला.

सोमवारी शेडपुढं मांडव होता. मांडवाच्या तोंडाशी एक मोठा कापडी फलक, वर लिहिलेलं, 'शाश्वत अन्नव्यवस्था आणि शेतकऱ्यांचा सहभाग'. त्यावर मथुराबाईचाच फोटो होता, पुरुषभर उंच, हातात विळा, तोंडावर ऊन. खाली नाव नव्हतं. तिला सांगितलेलं होतं, नऊवारी नेसून या. आधी चहा फिरवायचा, मग सगळ्यात शेवटी शाल आणि नारळ. समितीत तिघं होते. मधे पांढऱ्या केसांची एक बाई, सुती साडी, पायांत मातीनं मळलेल्या चपला. गाडी विक्रमनं आणली होती. तो इस्त्रीच्या शर्टात मागं खांबाला टेकून उभा होता.

पडद्यावर तीन खांब उमटले: हिरवा, पांढरा, लाल. जवळपास सारख्या उंचीचे.

"आपण निसर्गाला पुरेपूर संधी दिली," साहेब म्हणाले. "चार वर्षं. निष्कर्ष डोळ्यांसमोर आहे. ह्या घरगुती उपायांत भावना खूप आहे, शास्त्र नाही."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी हात वर केला. "लाल वाफ्यांमधला सेंद्रिय कर्ब इतका कसा वाढला? काही न घालता?"

मैत्री उभी राहिली. "मला माहीत नाही, मॅडम."

"मी सांगतो," साहेब म्हणाले. "नमुने घेताना मॅडमचं लक्ष नसावं. खुंट्या बदलल्या असतील, पिशव्या बदलल्या असतील. तरुण मुलं, फोन हातात. निष्काळजीपणा म्हणून नोंद करू आणि विषय संपवू. का हो, मैत्री मॅडम?"

मैत्रीनं हातातले कागद मिटले. "चूक माझी असेल, सर."

मथुराबाई चहाचा ट्रे घेऊन दुसऱ्या रांगेत होती. तिला मैत्रीची खाली गेलेली मान दिसली. पलीकडं विक्रम दिसला. त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं, आणि काय होणार ते ओळखून मान हलवली. नको. हळूच, दोनदा. नको, आई. तिच्या जबड्याची शीर उडाली. तिनं ट्रे नेऊन साहेबांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवला, त्यांच्या कागदांवरच. दोन कप कलंडले.

"तिची चूक न्हाय."

"मावशी, सत्कार शेवटी आहे," साहेब हसून म्हणाले, कागद उचलत.

"सत्कार घाला चुलीत. लाल खुंटीत खत मी घातलंय. चारी वर्सं."

साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "म्हणजे? कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुनी सांगितलंच न्हाय, तीच तर आग हाय माझी!" तिचा आवाज मांडवाच्या कापडाला जाऊन थडकला. "'घालू नको' म्हनलात. का घालू नको, ते सांगायला कुनाची जीभ झिजली? उपाशी ठेवायचा वाफा हाय, ठेवल्यानं काही कळनार हाय, एवढं एक वाक्य. बत्तीस वर्सं मी हितं राबती. फोटू लावलाय माझा दारात, म्हनं सहभाग. मला वाटलं तुमच्याकडं खत सरलं. म्हनून माझ्या म्हशीचं आनलं. ह्या डोक्यावरनं. आन् तुम्ही म्हनता काही न करता पीक येतं? काही न करता?"

ती मैत्रीकडं वळली. राग ओसरला नव्हता, पण आवाज फाटला.

"तू बी, पोरी. करडईची वळ कितवी ते माझ्याकडनं नेलंस. पाला कवा गाडायचा, ते नेलंस. वही भरलीस. मला द्यायची एकच गोष्ट व्हती तुझ्याकडं, ती तेवढी राहिली."

मैत्रीनं मान वर केली. डोळे भरले होते, पण तिनं नजर चुकवली नाही. "हो, मावशी," ती म्हणाली. "राहिली."

विक्रम खांबापासून दूर झाला आणि मांडवाबाहेर गेला. मथुराबाईनं त्याची पाठ बघितली. तिनं टेबलाची कड धरली.

"हे सगळं बाद आहे," साहेब समितीकडं वळून म्हणाले. "प्रयोगच दूषित झाला. एका रोजंदार बाईच्या बोलण्यावर काही ग्राह्य धरता येणार नाही. आणि हिच्यावर कारवाई होईल, हे वेगळं."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. "मोजमाप कळलं तर बाद कशाला? बाई, किती घातलंत? कोणत्या वाफ्यात, केव्हा? अंदाजे तरी आठवतं का?"

"अंदाजे कशाला? डोक्यावर व्हतं माझ्या. मान इसरत न्हाय." मथुराबाईनं पदर कमरेला खोचला. "मैत्री, वही काढ."

मैत्रीनं वही काढली. पेन सापडेना, यमुनाबाईनं कुणाच्या तरी खिशातलं उपसून तिच्या हातात दिलं.

"लिही. पैलं वरीस. सात नंबर. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन पाट्या, कुजलेलं, बारीक. मग घट बसायच्या आदी एक, ती पेरताना वळीत. दहा नंबर कमजोर हुता, पानी धरत नव्हता. त्याला तीन पाट्या, आन् खुरपनीचं गवत सगळं त्यालाच. बारा नंबर..." ती थांबली, डोळे मिटले, मान जराशी डावीकडं कलली, जणू ओझं पुन्हा तोललं जात होतं. "बारा नंबरला तीन."

मैत्रीनं लिहिलं.

"थांब. अडीच लिही. खोटं नको."